आयसीयूबाहेर मलेरियाचं इंपोर्टेड इंजेक्शन विकणाऱ्यापासून सावध राहा, आमचे १८ हजार गेले

माझे दाजी गडचिरोलीहून साइटचं काम उरकून पुण्यात आले आणि थंडीताप सुरू झाला, दोन-तीन दिवसांत बरळायलाच लागले, ताईला ओळखेनात, डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. रिपोर्ट आला फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार. डॉक्टर म्हणाले मलेरिया मेंदूत गेलाय, किडनीवर पण परिणाम झालाय, शिरेतून आर्टेसुनेट (मलेरियाचं इंजेक्शन) लगेच चालू करतो.

ताईचा धाकटा दीर बाहेर बाकावर बसलेला, तिथे गळ्यात आयकार्ड घातलेला एक माणूस आला, दादा दादा करत सगळं विचारून घेतलं आणि म्हणे साधं आर्टेसुनेट मेंदूपर्यंत पोचत नाही, माझ्याकडे इंपोर्टेड आहे, शेवटच्या तीन बाटल्या राहिल्यात. १८ हजार, कॅशच पाहिजे, बिल व्हॉट्सअ‍ॅप करतो. पोरगं एटीएमला पळत गेलं. सख्खा भाऊ आत तसा पडलेला असताना कोण घासाघीस करणार सांगा!

नशीब सिस्टर खमक्या होत्या. बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या हे आर्टेसुनेट नाहीच. खरं आर्टेसुनेट पांढरी पावडर असते, सोबत सोडा बायकार्बची छोटी अँप्यूल येते, त्यात विरघळवून लगेच द्यायचं, आधी बनवून ठेवता येत नाही. आमच्या बाटलीत आधीच पाण्यासारखं काहीतरी भरलेलं, बॅच नंबरवर बोट घासलं तर शाई बोटाला लागली. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद.

आणि बोलला ते पण धडधडीत खोटं, मेंदूच्या मलेरियाला पहिलं औषध आर्टेसुनेटच! मोठ्या माणसाला किलोमागे २.४ मिलिग्रॅम, पहिला डोस, मग १२ तासांनी, २४ तासांनी, नंतर रोज एकदा, आणि पेशंट गिळायला लागला की गोळ्यांचा पूर्ण कोर्स. दाजींना हॉस्पिटलच्याच मेडिकलमधलं बिलासकट दिलं, ते ह्या भामट्याच्या भावाच्या आसपासही नव्हतं. शुगर सारखी चेक करत होते कारण अशा मलेरियात ती एकदम घसरते. आता दाजी घरी आलेत, पण ह्या औषधानंतर काही आठवडे लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन उतरू शकतं म्हणून परत तपासायला बोलावलंय, ते चुकवू नका.

बाटल्या आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्यात, पोलिसांत अर्ज पण केलाय. कोणाला असाच आयकार्डवाला भेटला असेल तर त्याच्याकडून घेतलेली बाटली फेकू नका, लेबलचा फोटो काढून ठेवा आणि तक्रार करा.