डबीतली शेकोटी: स्मोअर्स किट घ्यावं का? (डबी मस्त, आतला माल बदला)

प्रदर्शनातल्या वस्तूंचा रिव्ह्यू सहसा कोणी लिहीत नाही, पण हे किट हल्ली गिफ्ट म्हणून सगळीकडे फिरतंय आणि मुलुंडमध्ये आमच्याच सोसायटीत दोघी-तिघींनी विचारलं म्हणून लिहितेय. चपटी पत्र्याची डबी, मिंटच्या गोळ्यांची असते ना तेवढीच, पर्सच्या पुढच्या कप्प्यात जाईल अशी. आत एक टी-लाइट, चिमुकले मार्शमॅलो, चॉकलेटचे चौकोन, बिस्किटाचे तुकडे, टूथपिक आणि काडेपेटी. 449 रुपये. नाव घेत नाही कारण कोणाचातरी घरगुती धंदा आहे आणि असली किटं करणारे आता बरेच झालेत, माल उन्नीस-बीस सारखाच.

स्मोअर्स ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी, मार्शमॅलो विस्तवावर खरपूस भाजायचा आणि गरम गरमच चॉकलेटसकट दोन बिस्किटांत दाबायचा. मार्शमॅलोच्या उष्णतेने चॉकलेट सुटतं, हात बरबटतात, ते बरबटणंच खरं. अमेरिकेतला कॅम्पिंगचा प्रकार, 1927 साली तिथल्या गर्ल स्काउट्सच्या पुस्तिकेत कृती छापून आलेली. आपल्याकडे आता कर्जत, पवनाच्या कॅम्पवाल्यांनी शेकोटीसोबत सुरू केलंय आणि पोरांना ते एकदा मिळालं की घरी आल्यावर गॅसवर करून द्या म्हणून भुणभुण चालू.

तर मुद्द्यावर येते. आयडिया एक नंबर आहे, त्यात वाद नाही. डबी उघडली की झाकणात मेणबत्ती, खालच्या भागात सामान, ताटल्या-बिटल्या काही नको. पण ज्याने आतला माल निवडला त्याने ही डबी मुंबईच्या हवेत आणि खऱ्या मेणबत्तीवर वापरून बघितली असेल असं मला वाटत नाही.

आधी मार्शमॅलो. पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे व्हेज, म्हणजे जिलेटिन नाही. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात, त्यामुळे आमच्याकडे सासूबाईंच्या चातुर्मासात तपकिरी त्रिकोणवालं पाकीट घरात येणं शक्यच नाही, तेव्हा व्हेज दिलंय ते बरंच केलं. पण फरक कळतो. जिलेटिन पस्तीस अंशाच्या आसपासच सैल पडतं, म्हणून तो मार्शमॅलो बाहेरून तांबूस आणि आतून लोण्यासारखा होतो. व्हेजमध्ये बहुतेक समुद्री शेवाळापासून काढलेलं कॅराजीनन किंवा अगर असतं. अगर तर वितळायला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास जावं लागतं, त्यामुळे आतलं मऊ होईपर्यंत बाहेरची साखर काळी. किटमधले मार्शमॅलो आधीच इतके बारके की ज्योतीजवळ नेले की मिनिटभरात कोळसा, आणि सोबत दिलेल्या टूथपिक एवढ्या आखूड की मार्शमॅलोआधी बोटं भाजतात.

एक ट्रिक सांगते, ज्योतीत घालायचंच नाही. पिवळ्या ज्योतीत घातलं की काजळी धरते आणि तोंडात मेणाची चव येते. टोकाच्या बोटभर वर धरायचं आणि सतत फिरवत राहायचं, वेळ लागतो पण रंग छान येतो. व्हेजवाला असेल तर अजून थोडा वर आणि अजून थोडा धीर.

चॉकलेट कंपाउंड आहे. घटकांच्या यादीत साखरेनंतर लगेच हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलेलं दिसलं की समजून जायचं, कोकोआ बटरच्या जागी डालडाछाप फॅट. जिभेवर मेणचट लागतं आणि चिमुकल्या मार्शमॅलोच्या उष्णतेला ते दाद देत नाही, बिस्किटात नुसतं घट्ट बसून राहतं. चारशे एकोणपन्नास घेऊन हे बरोबर नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल, खरं चॉकलेट चौतीस अंशांच्या आतच पाघळतं, म्हणजे मे महिन्यात दुपारच्या कसारा लोकलमध्ये डबी नेली तर उतरेपर्यंत आत चॉकलेटचं सार. म्हणून माझं मत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरं डार्क चॉकलेट भरा, उन्हाळ्यात नाइलाजाने कंपाउंड, आणि त्यातही चौकोन एकदम पातळ असू देत म्हणजे निदान मऊ तरी होतात.

बिस्किटं डायजेस्टिव्हची मोडलेली. निवड चूक नाही कारण मूळचं ग्रॅहम क्रॅकर इथे सहज मिळत नाही आणि गव्हाच्या भरड चवीला डायजेस्टिव्हच जवळचं. (तो ग्रॅहम म्हणजे एकोणिसाव्या शतकातला सिल्व्हेस्टर ग्रॅहम, अमेरिकेतला धर्मोपदेशक, साधं सात्त्विक खा म्हणून लोकांच्या मागे लागायचा. त्याच्या नावाच्या बिस्किटात लोकांनी काय काय भरलं बघा.) पण सुटे तुकडे टाकलेत आणि झाकण हवाबंद नाही, जुलैच्या हवेत दोन दिवसांत सादळतात, मार्शमॅलोही चिकट होऊन एकमेकांना धरून बसतात. छोट्या झिप पाउचमध्ये दिलं असतं तर रुपयाभराचाही खर्च नव्हता. मी आता पार्ले-जी भरते, आकाराने डबीत बरोबर बसतो आणि मार्शमॅलो दाबला तरी लगेच भुगा होत नाही. मारी चालत नाही, फारच फिकी.

आता पेटवायचं कुठे हा खरा प्रश्न. डबीवर डोंगर आणि तंबूचं चित्र काढलंय, पण आमच्या मागच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आग पेटवायला कायद्याने बंदी आहे, आणि दिवाळीनंतर गडांवरचं गवत इतकं वाळलेलं असतं की तिथे मेणबत्ती लावणाऱ्याला मी तरी ट्रेकला नेणार नाही. ह्यांच्याकडे जेल फ्युएलवालं मोठं किट पण आहे, ते तर लोकलमधून नेऊच नका, गाडीत ज्वालाग्राही माल नेला तर रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. राहिली गच्ची नाहीतर गॅलरी. तिथेही संध्याकाळचा वारा सुटला की ज्योत झोपते, तेव्हा डबीचा उभा भाग वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून ठेवायचा. डबी लादीवरच ठेवा, टेबलक्लॉथवर नको, आणि विझवल्यावर मेण घट्ट होईपर्यंत हलवू नका, पत्रा चांगलाच तापतो. मुलं असतील तर मोठं माणूस शेजारी हवंच.

घ्यायचं की नाही? मैत्रिणीला गिफ्ट द्यायला, डबीवरच्या डिझाइनसाठी, घ्या. स्वतःला हवं असेल तर सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटला जा, तिथल्या बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मार्शमॅलो मोठे-छोटे दोन्ही मिळतात, व्हेज-नॉनव्हेज विचारून घ्या, चॉकलेटचा स्लॅबही तिथेच, आणि तेवढ्याच पैशात तीन-चार डब्या आरामात भरतील. मोठे मार्शमॅलो डबीत बसत नाहीत, कात्रीला पाणी लावून अर्धे करा आणि कापलेल्या बाजूला कॉर्नफ्लॉवर चोळा. कबाबच्या बांबूच्या काड्या डबीत तिरप्या बसतील एवढ्या तोडून घ्या. आणि मिंटची रिकामी डबी वापरणार असाल तर आधी गरम पाण्याने धुऊन उन्हात ठेवा, नाहीतर चॉकलेटला पेपरमिंटचा वास लागतो, पाणी पुसून कोरडी केली नाही तर बिजागरीपाशी गंजते ते वेगळंच.