बालीत एटीव्ही: उबुद की बातूर?

बालीला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात हल्ली एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालवायची चार चाकांची उघडी गाडी, हमखास असते, आणि बहुतेक वेळा ती उबुदचीच असते. टूरवाला विचारतसुद्धा नाही. किंतामणीला, बातूर ज्वालामुखीच्या पायथ्याशीही हीच गाडी चालवता येते, हे अनेकांना तिथे पोचल्यावर दुसऱ्या कुणाचे फोटो बघून कळतं. मी दोन्हीकडे चालवली आहे. एकच करायची तर कुठली, असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. गाडी किती सीसीची, हेल्मेट मिळतं का, गिअर टाकावे लागतात का, हे सगळं बुकिंग करताना कळतंच. त्यात शिरत नाही.

आधी एक गोष्ट. जाहिरातीत उबुदची राइड ‘जंगलातली’ आणि बातूरची ‘ज्वालामुखीवरची’ असते. खरं तर दोन्ही बातूरच्याच अंगावर आहेत. सुमारे २९ हजार वर्षांपूर्वी बातूरचा प्रचंड उद्रेक झाला, डोंगराचा माथा आत कोसळला आणि दहा-बारा किलोमीटर रुंदीचा कॅल्डेरा, म्हणजे वाटीसारखा प्रचंड खळगा, तयार झाला. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी त्याच्या आत पुन्हा तसंच घडलं. त्या उद्रेकांत उतारावरून दक्षिणेकडे धावलेल्या तप्त राखेचे जाड थर म्हणजे आजच्या उबुद भागातली जमीन. नद्या-ओढ्यांनी ते थर चिरत नेले आणि ज्या खोल, हिरव्यागार घळींत उबुदवाले तुम्हाला गाडी घेऊन उतरवतात त्या तयार झाल्या. तांपाकसिरिंगजवळ गुनुंग कावी या देवळात अकराव्या शतकातली, कड्यात कोरलेली उंच स्मारकं आहेत, तीही याच राखेच्या खडकात. वेरूळ बघून आलेल्या माणसाला तिथे पहिला प्रश्न खडकाचाच पडतो, कारण आपला बेसॉल्ट छिन्नीला सहज दाद देत नाही आणि हा त्यामानाने लोण्यासारखा. उबुदला एटीव्ही करणार असाल तर त्याच दिवशी गुनुंग कावी जरूर बघा. पायऱ्या खूप आहेत, त्यामुळे आधी देऊळ, मग गाडी.

आता उबुदची बाजू, आणि ती कमजोर अजिबात नाही. सगळ्यात मोठी सोय म्हणजे ती वाटेत पडते. हॉटेल उबुदला असेल तर सकाळी नाश्ता करून निघा, दुपारच्या जेवणाला मोकळे. मार्ग मुद्दाम आखलेला असतो. भातखाचरांच्या बांधाकडेने सुरुवात, मग बांबूची बनं, ओढा, चिखलाचे खड्डे, एखादा बोगदा, काही ठिकाणी धबधब्याखालून पाणी अंगावर घेत जाणं. सावली असते, हिरवळ असते, वळणं सतत येतात, त्यामुळे गाडी हाताळण्याची मजा उबुदलाच जास्त आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. अंगठ्याने थ्रॉटल दाबायची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, पण ज्यांनी आयुष्यात स्कूटरसुद्धा चालवली नाही अशी माणसंही नंतर आरडाओरडा करत चिखल उडवताना पाहिली आहेत. शेवटी आंघोळीची सोय, टॉवेल, जेवण. कॉलेजमधल्या मित्रांचा घोळका असेल, किंवा बारा-चौदा वर्षांची मुलं मागच्या सीटवर असतील, तर त्यांना हेच जास्त आवडेल. चिखल म्हणजे चिखल, त्याला पर्याय नाही.

मग माझं बिनसलं कुठे? रांगेत.

उबुदच्या मार्गाची रुंदी बहुतेक ठिकाणी एका गाडीपुरती. एका बाजूला खाचर, दुसऱ्या बाजूला घळ किंवा बांबू, म्हणजे पुढच्याला ओलांडायचा प्रश्नच नाही. हॉटेलांतून माणसं उचलायच्या वेळा ठरलेल्या असल्यामुळे तुकड्या एकामागोमाग सुटतात. आणि मार्गावर दोन-तीन जागा अशा असतात जिथे प्रत्येकाला फोटो हवाच असतो: बोगद्याचं तोंड, धबधबा, चिखलाचा मोठा खड्डा. तिथे कंपनीचा फोटोवाला उभा असतो. तो एकेक गाडी पुढे बोलावतो, हात वर करायला सांगतो, ‘वन मोअर’ म्हणतो, जोडपं असेल तर मागच्याला उभं राहायला सांगतो, मग पुढची गाडी. तोपर्यंत मागचे सगळे थांबून. इंजिन चालूच, कारण कधी पुढे सरकायचं हे कुणालाच माहीत नसतं. सायलेन्सरची गरम हवा पोटऱ्यांना लागते, पुढच्या गाडीचा धूर नाकात जातो, दमट हवेत तो धूर जागेवरच रेंगाळतो, आणि हेल्मेटच्या आत घाम. मागे कुणीतरी कंटाळून उगाच थ्रॉटल मारत असतो. एवढं करून बोगद्याचा नंबर येतो, आत शिरलो की तिथे आधीच्या सगळ्यांचा धूर साठलेला. दोन मिनिटांत बाहेर, आणि पुढे धबधब्यासाठी पुन्हा रांग.

मला फोटोंचा राग नाही. मीही काढून घेतले, घरच्यांना पाठवले. पण पुणे-मुंबई महामार्गावरचा घाट मी सुट्टीच्या आधीच्या संध्याकाळी बघतो. ती रांग मला परदेशात पैसे देऊन नको होती. चालवण्याचा वेळ आणि थांबण्याचा वेळ यांची वजाबाकी मी काही केली नाही, पण उतरलो तेव्हा हात अजिबात दुखत नव्हते. एवढी गाडी चालवून आलेल्या माणसाचे हात दुखायला हवेत. कदाचित मी गेलो तो गर्दीचा हंगाम होता, कदाचित सकाळी अगदी पहिली तुकडी पकडली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. तुमचा अनुभव निराळा असू शकतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

बातूरला ही रांग लागत नाही, निदान मला लागली नाही. कारण साधं आहे, जागा. कॅल्डेऱ्याच्या तळाशी राख आणि काळ्या वाळूची उघडी मैदानं आहेत, त्यांत वाटा फुटत जातात. पुढचा गट थांबला असेल तर गाइड हाताने खूण करतो आणि दुसऱ्या वाटेने नेतो. फोटोला थांबायचं तर बाजूला थांबा, मागच्यांना कुणी अडवत नाही.

तिथे पोचण्याची वाट हाही राइडचा भाग धरावा. उबुदहून तास-सव्वा तासात कॅल्डेऱ्याच्या कडेवरच्या पेनेलोकानला येता, रस्ता एकदम संपल्यासारखा होतो आणि समोर कॅल्डेरा उघडतो. मध्ये १७१७ मीटरचा बातूर, उजवीकडे तळं, त्यापलीकडे आबांगचा डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर मागे आगुंग हा दुसरा ज्वालामुखी. मग कड्यावरून वळणं घेत तळ्याच्या पातळीपर्यंत उतरायचं. उतरताना बातूरच्या पायथ्याची एक बाजू काळी का दिसते ते लक्षात येतं. तो सगळा थिजलेला लाव्हा आहे.

या काळ्या रानातून गाडी चालवण्यात जे आहे ते मला उबुदला सापडलं नाही. लाव्हा गुळगुळीत नाही. एकमेकांत अडकलेल्या, धारदार, स्पंजासारखी भोकं पडलेल्या ढेकळांचे ढीग आहेत, माणसाच्या उंचीचे. त्यावरून गाडी जातच नाही. त्यांच्यामधल्या वाळूतून जाते. आमचा गाइड तळ्याकाठच्या गावातला होता. तो गाडी थांबवून बोटाने दाखवायचा, हा १९६३चा, तो पलीकडे १९६८चा, हा १९७४चा. जुन्या प्रवाहावर शेवाळ, नेचे, मधूनच झुडपं. नव्यावर जवळपास काहीच नाही. सह्याद्रीत आयुष्यभर काळ्या कातळावर चढलेल्या माणसाला हे बघताना काहीतरी होतं. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांहून जुना, त्यावर माती आली, गवत आलं, किल्ले आले. इथला दगड माझ्या वडिलांपेक्षा लहान.

१९२६ची गोष्टही तिथेच ऐकावी. त्या वर्षी लाव्ह्याने पायथ्याचं बातूर गाव आणि तिथलं मोठं देऊळ गिळलं. गावकरी वर कॅल्डेऱ्याच्या कडेला राहायला गेले आणि देऊळही वर नेलं; रस्त्यालगत दिसणारं पुरा उलुन दानु बातूर ते हेच. तळ्याची देवी दानु ही खालच्या शेतांना पाणी देणारी, म्हणून खालच्या भागातले सुबक, म्हणजे पाटाच्या पाण्याची वाटणी करणारे शेतकऱ्यांचे संघ, आजही या देवळाला मान देतात. उबुदला ज्या खाचरांच्या बांधाकडेने एटीव्ही नेतात त्यांचं पाणी, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे, इथूनच निघतं. दोन्ही राइड केल्या तर हा धागा हाताशी लागतो. आधी उबुद आणि मग बातूर या क्रमाने केल्या तर जास्तच.

बातूरचे तोटे मात्र लपवत नाही. पहिला, धूळ. एप्रिल ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत पुढच्या गाडीची काळी बारीक वाळू सरळ तोंडावर येते. त्यांनी दिलेले गॉगल चश्म्यावर बसत नाहीत, त्यामुळे माझ्यासारख्या चश्मेवाल्यांनी आपला ओढणीसारखा मोठा रुमाल आणि शक्य असेल तर लेन्स घेऊन जावं. गाइडच्या लगेच मागची जागा मागून घ्या. त्याने निम्मी धूळ कमी होते. शेवटची जागा मिळाली तर रात्री केस धुताना वाळू निघेल, तेवढी तयारी ठेवा. दुसरा, सावली नाही. डोंगरावर गारवा असतो म्हणून ऊन कळत नाही, पण नाक भाजतं. तिसरा, ढग. सकाळी दहा-अकरानंतर कधी ढग उतरतील सांगता येत नाही, आणि उतरले की डोंगर गायब. चौथा, वाळू आणि दगड वाहणारे ट्रक. कॅल्डेऱ्यात खाणकाम चालतं, काही वाटांवर त्यांच्यासाठी बाजूला व्हावं लागतं. ते दृश्य जाहिरातीच्या फोटोत नसतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण ज्यांना निर्मळ निसर्गच हवा आहे त्यांना खटकेल. आणि उबुदसारखी टॉवेल-जेवणाची सरबराई इथे गृहीत धरू नका. काही जण तळ्याकाठच्या तोया बुंगकाहच्या गरम पाण्याच्या कुंडांची जोड देतात, ती मिळत असेल तर घ्या. धुळीनंतर ते पाणी फार बरं वाटतं.

वेगाच्या हौशीसाठीही बातूर तितकंसं नाही. मोकळ्या पट्ट्यात गाडी जरा सुटते, पण एकूण उबुदच्या वळणावळणाची झटापट इथे नाही. गाडी चालवायला आला असाल तर उबुद, डोंगर बघायला आला असाल तर बातूर, असं मला वाटतं. मी डोंगर बघायला गेलो होतो.

जीपचं काय, असं कुणीतरी विचारेलच. पहाटेची सूर्योदयाची जीप ही बातूरची फार लोकप्रिय गोष्ट. रात्री दोन-अडीचला उठायचं, थंडीत कुडकुडत रांगेने लावलेल्या जीपांच्या टपावर बसून सूर्याची वाट बघायची, मग काळ्या लाव्ह्यात एक फेरी. सूर्योदय सुंदर असतो, त्यात वाद नाही. पण सोबतच्या माणसांपैकी निम्मी पुढचा अख्खा दिवस गाडीत झोपतात. एटीव्हीसाठी सकाळी आठ-साडेआठला तिथे पोचलं तरी ढग सहसा आलेले नसतात, आणि घरातल्या कुणाला रात्री उठवावं लागत नाही.

बुकिंग करताना उबुदवाल्याला विचारा की एका तुकडीत किती गाड्या आणि पहिली तुकडी किती वाजता. मोघम उत्तर आलं तर रांग धरून चाला. बातूरवाल्याला विचारा की राइड काळ्या लाव्ह्यात आहे की नुसती तळ्याकाठच्या गावांतून, कारण दोन्हींना ‘बातूर एटीव्ही’च म्हणतात. गावांतली फेरी कांदा-टोमॅटोच्या शेतांमधून जाते, तीही छान आहे, पण त्यासाठी एवढं लांब यायची गरज नाही. पर्यटन विम्यात एटीव्ही बसते का तेही वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींत अशा गाड्या साहसी खेळांत धरून वगळलेल्या असतात. पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी दोन्ही टाळाव्यात. आई-वडील बरोबर असतील तर त्यांना पेनेलोकानच्या कड्यावरच्या एखाद्या कॅफेत किंतामणीची कॉफी घेऊन बसवा आणि तुम्ही खाली जा. तिथून त्यांना तुमची धूळ दिसेल. शाकाहारी असाल तर भात-भाजी मागवताना कोळंबीची चटणी घालू नका असं आधीच सांगा, ती तिथे न विचारता पडते.