घातांकाच्या धड्यासाठी इम्प्रेसची ॲनिमेशन : आठ महिने वापरल्यावर, आणि खाली उतरलेल्या त्या ९ बद्दल

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला सातवीचा घातांकाचा धडा स्लाईडवर दाखवायचा होता. लॅपटॉप तिथलाच वापरायचा होता, म्हणून फाईल पेनड्राईव्हवर नेली. टीएमसीची, म्हणजे धरणातलं पाणी मोजायच्या एककाची, स्लाईड आली. पडद्यावर '१ टीएमसी =' असं मोठ्या अक्षरांत, त्यापुढे १०, आणि १० च्या डोक्यावर असायला हवा तो छोटा ९ चक्क शून्याच्या शेजारी, ओळीत. समोरच्या एका गुरुजींनी अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, एक टीएमसी म्हणजे एकशेनऊ घनफूट?" मला उत्तर सुचेना. ज्या एका अंकासाठी सहा संध्याकाळी घातल्या, तोच खाली येऊन बसला होता. घरी आल्यावर ठरवलं, जे जे अनुभवलं ते सगळं लिहून काढायचं.

मी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. लॅपटॉपसोबत आलेल्या स्लाईडच्या सॉफ्टवेअरची मुदत जूनमध्ये संपली आणि दर वर्षी पैसे भरा म्हणून खिडकी उघडायला लागली. घरात दोन मुलांच्या फिया आहेत. वर्षाला तेवढे पैसे एका धड्यासाठी मी भरणार नव्हते. म्हणून लिबरऑफिस हे फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यातलं स्लाईड बनवायचं इम्प्रेस वापरायला लागले. एक रुपया लागला नाही. मेनू मराठीत करता येतो हे कळल्यावर तर मला फार बरं वाटलं. सॉफ्टवेअर काय काय करतं ते तुम्हाला माहीत असेल, ते पुन्हा लिहीत नाही. मी वापरलं ते फक्त ॲनिमेशन, तेही एकाच धड्यासाठी.

जूनमधली पहिली आवृत्ती बघवत नाही. २ गरगर फिरत यायचा, घातांक उड्या मारत वर चढायचा, वर टाळ्यांचा आवाज. मुलं खूश झाली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर २ चा ५ वा घात लिहिला आणि किंमत विचारली, तर निम्म्याहून जास्त वर्गाने ३२ ऐवजी १० सांगितली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ते दोन लई भारी फिरत होता." तिला फिरणं लक्षात राहिलं होतं. त्या रात्री सगळे फिरणारे, उडणारे आणि आवाजाचे परिणाम काढून टाकले. फक्त तीन ठेवले: दिसणं, सरकणं आणि रंग बदलणं.

तरी १० येतच राहिले. मग माझीच स्लाईड मी मुलांच्या डोळ्यांनी बघितली. पाच २ ओळीत यायचे, एकमेकांकडे सरकायचे, एकात एक मिसळायचे आणि वर ५ उमटायचा. हे बघणाऱ्याला काय दिसणार? पाच दोन एकत्र आले, म्हणजे पाच दुणे दहा! गोळा होणं ही बेरजेची हालचाल आहे, आणि मी ती गुणाकाराला लावली होती. नवीन स्लाईडमध्ये दोन ओळी केल्या. वरच्या ओळीत पाच २ मध्ये अधिकची चिन्हं, खालच्या ओळीत पाच २ मध्ये गुणिले. दर क्लिकला दोन्ही ओळींत एकेक २ येतो आणि शेवटी उत्तर बदलतं. वर २, ४, ६, ८, १०. खाली २, ४, ८, १६, ३२. दुसऱ्या पायरीपर्यंत दोन्ही ओळी सारख्या चालतात आणि तिसऱ्या पायरीला फाटा फुटतो. त्या तिसऱ्या क्लिकच्या आधी मी थांबते आणि मुलांना आकडा बोलायला लावते. 'क्लिक केल्यावर' ही निवड इतकी कामाची आहे हे मला तेव्हा कळलं. 'आधीच्यानंतर आपोआप' लावलं की मुलं नुसती बघत बसतात. क्लिकवर ठेवलं की अंदाज बांधतात.

आता भागाकाराच्या स्लाईडबद्दल. घातांक शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही चूक टाळावी, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ३ चा ५ वा घात भागिले ३ चा ३ रा घात. वर पाच ३, खाली तीन ३. वरच्या आणि खालच्या जोडीवर तिरकी रेघ, आणि बाहेर जाण्याचा परिणाम लावून दोघंही गायब. वर दोन ३ उरतात, म्हणजे ३ चा २ रा घात. दिसायला अगदी स्वच्छ. मला या स्लाईडचा अभिमान होता. त्याच पद्धतीने पुढची केली: ३ चा ३ रा घात भागिले ३ चा ३ रा घात. तीन जोड्या, तीन रेघा, सगळं गायब. पडद्यावर नुसती भागाकाराची रेघ. उत्तर विचारलं तर सगळा वर्ग एका आवाजात, "शून्य!" मी म्हटलं, नीट बघा. मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला. "मॅडम, सगळंच गेलं की. काहीच नाही राहिलं. मग शून्यच की."

त्याचं बरोबर होतं. त्याने जे बघितलं तेच सांगितलं. शून्य सोडून कुठल्याही पायाचा (घातांकाखालच्या मोठ्या अंकाचा) शून्यावा घात १ असतो हे शिकवायला बसले होते आणि माझं ॲनिमेशन त्याच्या उलट सांगत होतं. फळ्यावर खडूने काट मारताना आपण शेजारी बारीक १ लिहितो. स्लाईडवर मी तो १ खाऊन टाकला होता, कारण गायब होताना छान दिसायचं. पूर्ण रविवार घालवून ती बदलली. आता जोडी जात नाही. वरचा ३ आणि खालचा ३ यांचा रंग फिका होतो आणि दोघांच्या जागी एक ठळक १ येतो. तीन जोड्या झाल्या की पडद्यावर १ × १ × १ उरतं, आणि मग एकटा १. त्यानंतर एकाही मुलाने शून्य म्हटलं नाही. गणितात काहीच नाहीसं होत नाही, त्याची किंमत कुठे तरी राहते. ती किंमत दिसत नसेल तर बाहेर जाण्याचा परिणाम घातांकाच्या धड्यात अजिबात वापरू नका, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता मुख्य दुखणं. तो वरचा छोटा अंक.

मजकुराच्या चौकटीत १० लिहून ५ ला वर चढवता येतं, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं की झालं. पण तसा चढवलेला ५ त्याच चौकटीत अडकतो. मला तो एकटा हलवायचा होता. दोन घातांक आपापल्या पायावरून निघून मध्ये भेटावेत, त्यांची बेरीज व्हावी, आणि पाये जागेवर राहावेत, हीच तर घातांकांच्या गुणाकाराच्या नियमाची सगळी गोष्ट आहे. अंक अडकलेला असेल तर पायाही सोबत सरकतो, आणि मुलं विचारतात, "हे दोन कुठं जायलेत?" म्हणून प्रत्येक घातांकाला वेगळी चौकट केली. एका स्लाईडवर चौदा चौकटी झाल्या. प्रत्येक चौकट बाणाच्या कळांनी बसवली, कारण माउसने ती एक केसभर तरी तिरकी जातेच. आकाराचंही तसंच. सॉफ्टवेअर आपणहून वर चढवलेला अंक मूळ आकाराच्या ५८ टक्के करतं. मागच्या बाकावरून तेवढा ३ आणि ८ ओळखू येत नाही. मी ७५ टक्क्यांपर्यंत नेला. पुस्तकात एवढा मोठा घातांक शोभणार नाही, पण पत्र्याच्या वर्गात, उन्हाच्या तिरपेत, शोभेपेक्षा दिसणं महत्त्वाचं.

व्हॉट्सॲपवर सराव पाठवताना तर हा अंक सरळ ओळीतच येतो. १० चा ५ वा घात पाठवला की मुलाच्या घरी १०५ पोचतं. इथे लिहितानाही बघा, मला सगळीकडे 'चा ५ वा घात' असंच लिहावं लागतंय. इंग्रजी अंकांना वर चढलेली वेगळी रूपं आहेत. आपल्या अंकांना घातांकासाठी तशी रूपं नाहीत. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. ज्या भाषेत एकं दहं शतं म्हणत मुलं दहाचे घात पाठ करतात, त्या भाषेत दहाचा घात साध्या ओळीत लिहिता येत नाही.

एकं दहं शतं वरूनच मला सगळ्यात चांगली स्लाईड सापडली. सासूबाई ओसरीवर बसून नातवाला म्हणून दाखवत होत्या: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावं, ० पासून १७ पर्यंतचे घातांक. स्लाईडवर नाव येतं, त्यापुढे १ आणि त्यावरची शून्यं येतात, मग शून्यं एकेक करून फिकी होतात आणि १० वरचा घातांक एकेक वाढतो. परार्धापर्यंत मुलं तालावर म्हणतात. शेवटी उलट दिशेने यायचं. शतंवर २, दहंवर १, आणि एकंवर? वर्गानेच ० सांगितलं, आणि १० चा ० वा घात १ हे मला सांगावं लागलं नाही.

टीएमसीची स्लाईड त्यातूनच निघाली. आमच्याकडे पावसाळ्यात रोज घरोघर बातमी ऐकतात, कुठल्या धरणात किती टीएमसी. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. हजार हा १० चा ३ रा घात, दशलक्ष हा ६ वा. ३ आणि ६ उठून मध्ये येतात आणि ९ होतात, म्हणजे अब्ज. जायकवाडीची क्षमता १०२ टीएमसी सांगतात, ती मुलांनी वहीत १०२ गुणिले १० चा ९ वा घात अशी लिहिली. मग एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. २.८३ गुणिले १० चा १० वा घात भागिले ५ गुणिले १० चा ५ वा घात. घातांकांची वजाबाकी, उरला ५ वा घात. उत्तर ५६ हजारांहून जास्त फेऱ्या. वर्ग गप्प झाला. तेव्हा ही मुलं अगदी लहान होती, घागरींच्या रांगा त्यांना आईकडून ऐकून माहीत आहेत.

स्लाईडवर सगळं फार वेगात होतंय का, अशी शंका ऑगस्टमध्ये आली होती. ते कळलं लाईट गेल्यावर. प्रोजेक्टर बंद पडला, धडा अर्धवट. २ चा ३ रा घात गुणिले २ चा ४ था घात दाखवायला मी सात मुलांना पाट्यांवर २ लिहून उभं केलं, तीन एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, आणि एका मुलाला 'गुणिले' होऊन मध्ये उभं केलं. मुलं चालत एका ओळीत आली, बाकीच्यांनी मोजली. त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा माझ्या स्लाईडवर नव्हताच. मी अर्ध्या सेकंदात सगळं सरकवत होते. घरी जाऊन प्रत्येक सरकण्याची मुदत दोन सेकंद केली. तेव्हापासून "मॅडम, परत दाखवा" हे फार कमी ऐकू येतं.

एक छोटी गोष्ट, जिने मला सगळ्यात जास्त आनंद दिला. स्लाईड शो चालू असताना इंग्रजी बी ची कळ दाबली की पडदा काळा होतो आणि मुलं आपल्याकडे बघतात. मी ती तासाला दहा वेळा तरी दाबते.

प्रोजेक्टरबद्दल थोडक्यात. स्वतःच्या पगारातून जुना घेतला, आठवड्यात चित्र थरथरायला लागलं. लातूरच्या दुकानात तीन चकरा मारल्या, प्रत्येक वेळी 'लॅपटॉपचा प्रॉब्लेम आहे' हेच उत्तर. शेवटी दुसऱ्याची केबल लावून बघितली तर चित्र स्थिर. केबलचे पैसे परत मिळाले नाहीत, आणि एसटीचं भाडंही गेलं. जुना प्रोजेक्टर घेताना आपली केबल सोबत न्या.

आता तो ९ खाली का आला ते. मी मुक्ता फॉन्ट वापरला होता. परिषदेतल्या लॅपटॉपवर तो नव्हता, आणि फाईल दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडली. त्याने दुसरा फॉन्ट घातला, त्याची ओळीची उंची वेगळी, म्हणून १० चौकटीत वर सरकलं. ९ वेगळ्या चौकटीत होता, तो होता तिथेच राहिला. दोघं एका रेषेत आले. चूक माझ्या फाईलमध्येच होती, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

यावर दोन उपाय केले. फाईलच्या गुणधर्मांत जाऊन फॉन्ट फाईलमध्येच समाविष्ट करण्याची खूण केली. आणि ज्या स्लाईडमध्ये घातांक हलतो, तिथले अंक वक्रात रूपांतरित केले, म्हणजे ते अक्षर न राहता चित्र होतात आणि कुठल्याच फॉन्टवर अवलंबून राहत नाहीत. रूपांतर आधी करा, ॲनिमेशन नंतर लावा. मी एकदा उलट केलं आणि पूर्ण स्लाईड पुन्हा लावावी लागली. रूपांतरानंतर अंक बदलता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी जपून ठेवा.

वेळेचं खरं सांगते. एका धड्याला अकरा संध्याकाळी लागल्या, त्यातल्या सहा त्या छोट्या अंकाच्या. एकाच वर्गाला एकदाच शिकवायचं असेल तर खडू आणि पाट्या घ्या. दर वर्षी तोच धडा येणार असेल तर जरूर करा. जूनमध्ये मी याला पाचपैकी दोन दिले असते, दिवाळीला पाच. परिषदेच्या दिवशी एकही दिला नसता. आज चार देते.

पुढच्या परिषदेत मला पुन्हा तीच स्लाईड दाखवायला सांगितली आहे. पेनड्राईव्हमध्ये या वेळी लिबरऑफिसही टाकून नेणार आहे, आणि त्या गुरुजींना पुढे बसायला सांगणार आहे.