पाणी नाही, सळई काळी पडत होती

आरओचे (पाणी शुद्ध करायच्या मशीनचे) १९,४९९, वर एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभालीचे, ३,२०० आगाऊ. एकूण २२,६९९ रुपये पाण्यात. लिहायला लाज वाटते, पण मला हे मशीन विकणारी टोळी आता शेजारच्या विंगमध्ये फिरतेय.

‘मोफत पाणी तपासणी’ म्हणून आलेल्याने आधी नळाच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) दाखवणारा मीटर बुडवला. आकडा आला ५८. तिथेच त्याला दार दाखवायला हवं होतं! आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चालतं. मुंबईला येणारं भातसा, तानसा, वैतरणाचं पाणी पावसाचं, त्यात क्षार असणार किती? आकडा सोयीचा नव्हता, म्हणूनच त्याने ‘यात घाण दिसत नाही’ म्हणत दोन ग्लासांत सळया बुडवून वीज सोडणारं यंत्र काढलं.

त्याच्या आरओच्या ग्लासात पाणी नितळ, आपल्या ग्लासात दोन मिनिटांत हिरवट-काळा गाळ. तो गाळ लोखंडी सळईचा! नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते, लोखंड विरघळतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नाहीत, म्हणून काही होत नाही. त्याच नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही काळं पडेल. शाळेत शिकलेलं विद्युत अपघटन. पण ‘हे पोरांच्या पोटात जातं’ असं कोणी म्हटल्यावर शाळा आठवते का कुणाला?

मीटर खरा असला तरी तो मोजतो फक्त विद्युत वाहकता. ११६ मायक्रोसीमेन्स (वाहकतेचं एकक) गुणिले ०.५, झाले ५८ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम); ०.७ ने गुणणारा मीटर त्याच पाण्याला ८१ म्हणेल. तापमानाची दुरुस्ती नसेल तर अंशामागे दोनेक टक्के फरक. शंका असल्यास मीटर १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात तपासा. आणि टाकीत गटाराचं पाणी झिरपलं, तरी त्यातले जंतू या आकड्यात दिसत नाहीत. त्यासाठी क्लोरीनचं किट (लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं हवं) आणि प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी.

पोलीस चौकीत म्हणाले, मशीन मिळालंय ना, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. पाणी खात्याने सांगितलं, आमचं काम पाण्याच्या मीटरपर्यंत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पण मागितलं जीएसटीचं बिल; हातात होती शिक्का मारलेली चिठ्ठी, त्यावर पत्ताही नाही. बिल असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? तीन खेपा झाल्या, अर्ज अजून ‘पुढे पाठवलाय’.

रोख देऊ नका. आणि मशीन बसवून घेतलंच असेल, तर सांडपाण्याच्या नळीखाली बादली लावून बघा, किती पाणी वाया जातंय ते.