काझांतझाकिस यांचे आयुष्य वाचायचे तर: 'रिपोर्ट टू ग्रेको' की एलेनी यांनी लिहिलेले चरित्र?

'झोर्बा' ही कादंबरी वाचून तिचे ग्रीक लेखक निकोस काझांतझाकिस यांच्या आयुष्याविषयी कुतूहल वाटू लागले की दोन पुस्तके समोर येतात: त्यांच्या मृत्यूनंतर 1961 मध्ये प्रसिद्ध झालेले 'रिपोर्ट टू ग्रेको' आणि पत्नी एलेनी यांनी मुख्यतः पत्रांच्या आधारे लिहिलेले, 1968 मधील चरित्र. मी दोन्ही इंग्रजीतून वाचली.

भाषेचे बळ विचाराल तर पहिल्याला तोड नाही. तुर्की अमलाखालच्या क्रीट बेटावरचे बालपण, आणि फाशी दिलेल्या ख्रिस्ती माणसांच्या पायांचे चुंबन घ्यायला लहानग्या मुलाला भाग पाडणारे वडील, हा भाग चरित्रातून तसा कधीच उतरला नसता. मात्र पुढे ख्रिस्त, बुद्ध, लेनिन आणि ओडिसियस असे एकेक मार्गदर्शक येऊ लागले, तसे मला सतत एकच खटकत राहिले: हे कोणत्या वर्षी घडले, तेव्हा घरी कोण होते आणि पोट कशावर भरत होते, याचा पत्ताच लागत नाही. पहिली पत्नी गालातेआ यांच्याशी 1911 मध्ये झालेला विवाह आणि 1926 मधला घटस्फोट यांविषयी वाचकाच्या हाती जवळपास काहीच येत नाही. हे आत्मचरित्र नव्हे, असे लेखकाने आरंभीच बजावले आहे, त्यामुळे हा दोष म्हणणे कदाचित अन्यायाचे ठरेल. तरीही कुठल्याही प्रसंगावर विसंबावे की नाही, ही शंका माझ्या मनातून गेली नाही.

एलेनी यांच्या पुस्तकाला ती झळाळी नाही, आणि पत्नीची माया त्यात लपत नाही. ओळखच 1924 मधली असल्याने आधीचा काळ थोडा दुरून दिसतो. पण पत्रांमुळे काम करणारा माणूस भेटतो: 33,333 ओळींचे 'ओडिसी' महाकाव्य पुन्हा पुन्हा लिहून 1938 मध्ये छापणारा, भाषांतरे आणि प्रवासवर्णने यांवर गुजराण करणारा, आणि जर्मन ताब्यातल्या ग्रीसमध्ये, एजिना बेटावर उपासमारीच्या दिवसांत 'झोर्बा' लिहिणारा. ज्यांच्यावरून कादंबरीतला झोर्बा घडला, त्या जॉर्ज झोर्बास यांच्यासोबतची 1917 मधली लिग्नाइट कोळशाची खाण प्रत्यक्षात दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीसमधल्या मानी भागात होती आणि कादंबरीत ती क्रीटला गेली, हे ध्यानात आल्यावर तर मला पत्रांचा आधार अधिकच हवासा वाटला.

ज्यांना काझांतझाकिस यांची कविवृत्ती अनुभवायची आहे, त्यांनी 'ग्रेको'पासून सुरुवात केली तरी बिघडणार नाही. आयुष्यच जाणून घ्यायचे असेल, तर एलेनी यांचे पुस्तक आधी वाचावे, आणि 'ग्रेको'तले बालपण त्यानंतर सावकाश वाचावे, असे मला वाटते.