युरेल पास घ्यावा का? लेकीकडे म्युनिकला राहून वापरला, त्याचा हिशोब

युरेल म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेगाड्यांत चालणारा एकच पास. आधीच सांगून टाकते, आमचा वसूल झाला. तुमचा होईलच असं नाही, आणि ते तुम्ही किती देश फिरता यावर अजिबात ठरत नाही, कुठले फिरता आणि तिकिटं कधी काढता यावर ठरतं. जाहिरातीत ते 33 देश 33 देश करतात त्याकडे लक्षच देऊ नका, शिवाय त्या 33 मध्ये ब्रिटनही धरलंय आणि आपल्या शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही.

आम्ही दोघं साठीच्या पुढचे, लेक म्युनिकला असते, उन्हाळा तिच्याकडेच काढायचा होता. घेतला तो ग्लोबल पास (सगळ्या देशांत चालणारा), दोन महिन्यांत कुठलेही 10 दिवस, सेकंड क्लास. साठीच्या पुढे 10 टक्के सूट आहे, सत्तावीसपर्यंतच्या पोरांना त्याहून बरी. 10 दिवस म्हणजे, एक दिवस चालू केला की रात्री बारापर्यंत कितीही गाड्या, आणि जे दिवस घरी बसलात ते मोजत नाहीत. लेकीला मात्र युरेल मिळत नाही, तिला इंटररेल, म्हणजे युरोपात राहणाऱ्यांसाठीचा तसाच पास. पासपोर्ट भारतीयच आहे तिचा, पण हे पासपोर्टवर नाही, राहता कुठे त्यावर असतं. इंटररेलला राहत्या देशात एक दिवस बाहेर पडायला आणि एक परत यायला, एवढंच. त्यामुळे तिचा पास जर्मनीत जवळजवळ निरुपयोगी आणि आमचा पूर्ण चालतो, हे बघून जावईबापू जाम हसले. नातू सहा वर्षांचा, त्याचा फुकट (4 ते 11 ची मुलं, एका मोठ्या पासावर दोन), पण फुकट असला तरी त्याचा पास लेकीच्या ऑर्डरमध्येच टाकावा लागतो, नंतर आठवण झाली तर पंचाईत.

मी बँकेतून रिटायर झालेय, त्यामुळे मला भागाकार केल्याशिवाय झोप येत नाही. पासची किंमत भागिले 10, आमचा एक दिवस चाळीस युरोच्या आगेमागे पडला. मग प्रत्येक वेळी एकच प्रश्न, आजचं तिकीट चाळीसच्या वर आहे का? ह्यांचं म्हणणं वेगळं, पास काढलाय ना मग बसा गाडीत, दादर-ठाणे लोकलचा पास असल्यासारखं. तसं करू नका! इटलीत फ्लॉरेन्स ते पिसा साध्या गाडीचं तिकीट दहा युरोच्या आसपास, त्यासाठी चाळीसचा दिवस जाळायचा? तिथे सरळ तिकीट काढलं. चेक आणि हंगेरीच्या आतल्या प्रवासांचंही तेच, तिकिटंच स्वस्त.

खरी मेख रिझर्वेशनची आहे. पास म्हणजे फक्त भाडं, सीट नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोस्सा, स्पेनच्या वेगवान गाड्या, युरोस्टार, या सगळ्यांना पास असला तरी सीटचे वेगळे पैसे, साधारण दहा-तेरा युरोपासून सुरुवात आणि युरोस्टारला तीसच्या घरात. बरं, पैसे देऊनही मिळेलच असं नाही, कारण काही गाड्यांत पासवाल्यांसाठी ठरावीकच जागा असतात, त्या भरल्या की गाडीत सीट रिकामी असली तरी तुमच्यासाठी नाही. मग महिनाभर आधी बुक करायचं. आणि महिनाभर आधी तारीख ठरणारच असेल तर साधं स्वस्त तिकीटच का नाही काढायचं? पॅरिस-बार्सिलोना-रोम असा ठरलेला बेत असेल, जसा आपल्याकडून येणाऱ्या बऱ्याच जणांचा असतो, तर मी पास घेऊ नका असंच सांगेन.

उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत नुसतं जाऊन बसायचं. माझ्या मते पास फक्त यासाठीच घ्यावा, सकाळी उठून ठरवता येतं म्हणून. म्युनिक-बर्लिन आयसीई (जर्मनीची वेगवान गाडी) चार तासांच्या आसपास, आधी काढलं तर वीस युरोतही मिळून जातं पण आयत्या वेळी दीडशेच्या वर, आणि आम्ही गेलो ते आयत्या वेळीच, लेकीला अचानक सुट्टी मिळाली म्हणून. एका फटक्यात जवळजवळ चार दिवसांचे पैसे निघाले. (तिने स्वतःचं तिकीट काढलं ते किती पडलं हे विचारू नका.)

स्वित्झर्लंडमध्ये तर हवामानच ठरवतं. झ्युरिक ते जिनिव्हा साधं तिकीट नव्वद फ्रँकच्या आसपास जातं, म्हणजे तिथे कुठेही लांब गेलात तरी दिवस वसूल. पण पैशापेक्षा मला बर्निनाचा, म्हणजे आल्प्स ओलांडून इटलीत उतरणाऱ्या रेल्वेचा, दिवस आठवतो. आम्ही कूरला मुक्काम केला होता, आदल्या दिवशी सगळीकडे ढग, म्हणून गाव फिरलो आणि पासचा दिवस चालूच केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वेबकॅमवर लख्ख ऊन दिसलं, चहा अर्धा ठेवून निघालो. सगळे बर्निना एक्सप्रेस बर्निना एक्सप्रेस करतात, तिला पासवरही वेगळे पैसे आणि आधी बुकिंग. पण त्याच रुळांवरून रोज साध्या गाड्या जातात, त्या पासवर पूर्ण, रिझर्वेशन नाही, आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात! पॅनोरमा गाडीच्या काचा बंद असतात. 2253 मीटरपर्यंत गाडी चढते, दातेरी रूळ नाहीत काही नाही, आणि पलीकडे इटलीत तिरानोला उतरते. मधे ब्रुसिओला तो गोल पूल आहे, गाडी स्वतःभोवतीच वळसा घेत खाली येते, ह्यांनी रेल्वेत नोकरी केलीय त्यामुळे ते तिथे पूर्ण उभे राहून बघत होते आणि समोरच्या बाईंना चढ किती असेल ते मराठी मिश्रित इंग्रजीत समजावत होते.

युंगफ्राउच्या बर्फाच्या डोंगरावर जाणार असाल तर धरून चाला की पास इंटरलाकेनपर्यंत, पुढे वर जायला फक्त 25 टक्के सूट. आणि शहरातल्या ट्राम, बस, मेट्रो पासात नाहीत. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये त्या येतात, बोटी आणि म्युझियमही येतात, म्हणून फक्त स्वित्झर्लंड करायचं असेल तर तो बघा.

म्युनिकच्या आजूबाजूला आम्ही युरेल वापरलाच नाही. डॉइचलांड-टिकेट काढलं, 2023 च्या मे मध्ये ते 49 युरोला निघालं, आम्ही गेलो त्या 2025 मध्ये 58 होतं, आता 63 झालंय. महिनाभर जर्मनीभरच्या लोकल आणि रिजनल गाड्या, ट्राम, बस सगळं, फक्त आयसीई-आयसी नाही. फ्युसेनचा राजवाडा, न्युरेम्बर्ग, इतकंच काय ऑस्ट्रियातलं साल्झबर्गसुद्धा रिजनल गाडीने त्यावर होतं. दर महिन्याचं वर्गणीसारखं असतं, 10 तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापतात, आमचं लेकीच्या खात्यावरून काढलं होतं त्यामुळे रद्द करायची कटकट तिच्याकडे.

लोक म्हणतात पास असला की गाडी लेट झाली तरी टेन्शन नाही. जर्मनीत गाड्या लेट होतात हे खरंच आहे, 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या 62.5 टक्केच वेळेवर आल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते वेळेवरच धरतात. पण स्वस्त तिकिटावरही वीस मिनिटांच्या वर उशीर होणार असेल तर दुसऱ्या गाडीत बसायची मुभा मिळते, त्यामुळे केवळ या कारणासाठी पास घेण्यात मला फार अर्थ वाटत नाही.

रात्रीच्या गाडीचं एक चांगलं आहे, निघालात तोच दिवस मोजतात, सकाळी उतरून परत दुसरी गाडी पकडली नाही तर दुसरा दिवस वाचतो. म्युनिक-रोम नाइटजेट आम्ही अशीच केली, बर्थचे पैसे मात्र वेगळे, आणि एका डब्यात सहा जण म्हणजे आपल्या स्लीपर क्लासची सवय असलेल्यांना काही वाटणार नाही.

अ‍ॅपबद्दल थोडं. दोघांचे पास एकाच फोनमध्ये बसतात. गाडीत चढायच्या आधी ती गाडी अ‍ॅपमध्ये टाकावी लागते, मग क्यूआर कोड येतो, टीसी तोच बघतो, कधी पासपोर्टही मागतो, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. तीन दिवसांतून एकदा तरी फोनला नेट लागतं. पॉवर बँक जवळ ठेवाच. ह्यांनी तर भीतीने दोन घेतल्या होत्या, एक माझ्या पर्समध्ये, आणि पुढच्या वर्षी पाच दिवसांचाच पास काढून फक्त आल्प्स करायचे असं आता त्यांचं चाललंय.