मुळशीच्या पावसात कोरडी धूळ, आणि माझे ५१,३०० रुपये

लिहायची लाज वाटते. सोसायटीचा खजिनदार म्हणून मी नळाच्या वॉशरचं बिलसुद्धा पावतीशिवाय पास करत नाही. तोच मी कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका गोडबोल्या ट्रेनरला, कागदाचा चिटोराही न घेता, ५१,३०० रुपये देऊन बसलो.

बाजी आमचा जर्मन शेफर्ड. जूनअखेरीस चार महिन्यांचा, वजन १८ किलो ४०० ग्रॅम. त्याने अंगावर उडी घेऊन माझ्या ७८ वर्षांच्या आईला जिन्यात पाडलं, म्हणून ट्रेनिंग. हौस म्हणून नाही, हे आधीच सांगतो. मुळशीकडच्या फार्मवर ४५ दिवस ठेवायचं, 'सिट, स्टे, कम, हील' शिकवून परत. ४२,००० रुपये, अर्धे आधी, अर्धे पंधरा दिवसांनी. मग 'वाढत्या हाडांसाठी खास आहार' ६,५००. मग गोचिडांचं औषध २,८००. आणि भेटायला यायचं नाही, मालक दिसला की म्हणे कुत्रा बिघडतो. बाकी नेहमीचंच.

दर रविवारी व्हिडिओ यायचा. तिसऱ्या रविवारचा मी वीसदा तरी पाहिला असेल, भावकीत पाठवला. कुत्रा ऐटीत बसतोय, उठतोय, आडव्या बांबूवरून उडी मारतोय आणि पायांखालून धूळ उडतेय. धूळ! जुलैच्या मध्यात, मुळशीत, जिथे दोरीवरचा रुमाल चार दिवस वाळत नाही. बायको म्हणाली, "अहो, जमीन कोरडी कशी?" मी म्हणालो, शेड असेल. मागे आंब्याचं अख्खं झाड दिसत होतं, आणि मी म्हणालो शेड असेल! बाजीचा डावा कान पडलेला होता, व्हिडिओतले दोन्ही ताठ. पण या जातीचे कान साधारण याच वयात उभे राहतात हे मी वाचलेलं, त्यामुळे उलट खूशच झालो. वाचलंच नसतं तर बरं झालं असतं. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ घेऊच नका. अचानक व्हिडिओ कॉल लावा, उचलला नाही तर त्याच दिवशी गाडी काढा.

पंचेचाळिसाव्या दिवशी बाजी आला. डावा कान पडलेलाच. वजन १६ किलो १००. चोक चेनने, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीने, मानेभोवतीचे केस गेलेले. 'सिट' म्हटलं की जागेवर मुततो. गोचीडताप निघाला, डॉक्टर-औषधं मिळून ९,७४०. डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला तर ते माझ्यावरच चिडले: मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांची टोकं वर्ष-दीड वर्ष कच्ची असतात, एवढ्या उंच उड्या कसल्या मारायला लावता? तो आमचा कुत्राच नव्हता हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

आता साहेबलोकांचं ऐका. आमच्या चौकीत म्हणाले, फार्म ग्रामीणच्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे म्हणाले, पैसे शहरातून गेले, तिकडे जा. दोन्हीकडे हसले ते वेगळंच: "कुत्रा बसत नाही म्हणून गुन्हा घेऊ काय?" सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तर पैसे तुम्हीच राजीखुशीने पाठवलेत ना, हा प्रश्न. छळाची तक्रार करावी म्हटलं तर कायदा १९६० चा, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास! मानेच्या मलमाची ट्यूब त्याहून महाग. महापालिकेत गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी आधी माझ्याच कुत्र्याचा परवाना मागितला. नव्हता. तो काढून आलो, शिकवणाऱ्याचं काय विचारलं, तर तो विषय आमच्याकडे नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, तिथे अर्ज केलाय. पण पाठवलेली नोटीस 'पत्ता अपूर्ण' शेरा मारून परत आली. लेखी करार आणि पक्का पत्ता आधी घ्या, मग कुत्रा द्या. आणि सोडताना वजन, मान, कान सगळ्याचे फोटो काढा.

हल्ली मी रोज दहा मिनिटं उकडलेल्या चिकनचे तुकडे घेऊन बसतो. फुकटात. तीन आठवड्यांत बाजी बसायला लागलाय, पण साखळी वाजली की अजून पलंगाखाली.

परवा मेहुण्याने त्या माणसाची नवी जाहिरात पाठवली. 'आमचा यशस्वी विद्यार्थी' म्हणून वर फोटो. डावा कान पडलेला.